चौतीस नंबर आणि चार कोपरे

विल्मा केस्टरसनच्या वाढदिवसाला केक नसायचा, पर्सिमनचं पुडिंग असायचं. टेंभुर्णीच्या भावकीतलं हे फळ शरदात अंगणात आपोआप गळतं. ते वेचायचं, गर काढून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि मार्चमध्ये विल्माच्या वाढदिवसाला बाहेर काढायचा, असा त्या घराचा शिरस्ता होता. पुडिंग चौकोनी ताटलीत भाजलं जाई आणि चौकोनाला कोपरे चारच. कडा चिवट, किंचित करपलेल्या, साखर जमून चकाकणाऱ्या. बेल क्रीक गावात कोपऱ्याचा तुकडा कुणाच्या बशीत पडतो यावरून त्या माणसाची घरातली पायरी कळत असे.

दुपारचे दोन वाजले होते. चर्चमधून सगळे घरी आले होते, जेवणं उरकली होती. स्वयंपाकघरात विल्माची लेक डेनीस आईच्या मागे मागे फिरत होती.

"आई, एक ऐकशील?"

"नाही."

"अगं, अजून सांगितलंही नाही मी!"

"तू सकाळपासून तीनदा 'आपली जो आली का, जो आली का' विचारलंस. मला कळत नाही होय?" विल्मानं ओव्हनचं दार उघडून आत डोकावलं. "अजून वीस मिनिटं."

डेनीसनं पोळपाटासारखी फळी पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती. "आज जोला कोपरा दे."

विल्मा वळली. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण वळणं अजून झटक्यात.

"मर्लच्या घराला कोपरा मिळत नाही. त्रेसष्ट सालापासून नाही मिळत."

"मर्लकाका जाऊन पंचवीस वर्षं झाली, आई!"

"त्याची पोर बाहेर बसली आहे ना?"

मर्ल हा विल्माच्या नवऱ्याचा, ऑर्व्हिलचा, थोरला भाऊ. गावच्या दैनिकात तो खेळाचं पान बघायचा. दरवर्षी मार्चमध्ये देशभरातले असे काही पत्रकार कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंमधून पंधरा जण निवडत. पाच-पाचांचे तीन संघ. हे संघ कधी मैदानात उतरत नाहीत, एकही सामना खेळत नाहीत, नुसता मान. पण ज्याला तो मिळाला तो मरेपर्यंत 'ऑल-अमेरिकन'. बासष्ट साली मर्लकडे एक मत होतं आणि त्याचा सख्खा भाऊ ऑर्व्हिल व्हाइट फोर्क कॉलेजकडून चौतीस नंबरचा शर्ट घालून राज्य गाजवत होता. मर्लनं त्याचं नाव घातलं नाही. मतांच्या मोजणीत ऑर्व्हिल तिसऱ्या संघाला दोन गुणांनी मुकला. 'उल्लेखनीय खेळाडू' असं छापलेला एक कागद पोस्टानं आला, तो अजून बैठकीच्या खोलीत फ्रेममध्ये होता. विल्माचं तेव्हा ऑर्व्हिलशी नुकतंच ठरलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं दिराला पुडिंगचा मधला तुकडा दिला आणि तो पायंडा पडला.

आणि आता मर्लची मुलगी जो राजधानीच्या मोठ्या वर्तमानपत्रात होती, तिच्याकडे तसंच एक मत होतं आणि डेनीसचा मुलगा गॅरेट व्हाइट फोर्ककडून खेळत होता. चौतीस नंबर घालून.

"आई, कॉलेजचा नियम तुला ठाऊक आहे. तीन संघांपैकी एकात नाव आलं तरच शर्ट छताला टांगतात. 'उल्लेखनीय'ला नाही टांगत. गॅरेटचा चौतीस वर गेला म्हणजे बाबांचाही गेला. एका तुकड्यानं तुझं काय जातंय?"

तो चौतीस छताखाली बघायची इच्छा विल्माला डेनीसपेक्षा कमी नव्हती. उलट साठ वर्षं जास्तच होती.

"कोपरा विकायला काढलेला नाही मी," ती म्हणाली. "आणि घेऊन मत देईल ती पोरगी, तर तिच्या मताला काय किंमत?"

डेनीसला आईचा राग आला आणि त्याच वेळी तिचं म्हणणं पटलंही. असं दोन्ही एकदम झालं की ती भांडी जरा जोरात आपटत असे. तिनं ती आपटली.

बैठकीच्या खोलीत पत्त्यांचा, युकरचा डाव रंगात आला होता. ऑर्व्हिल आणि गॅरेट एकीकडे, जो आणि डेनीसचा नवरा फिल दुसरीकडे. आजोबा-नातू जिंकत होते आणि त्याबद्दल तोंड मिटून बसायची या घरात पद्धत नव्हती.

"हुकूम बदामाचा," ऑर्व्हिल म्हणाला. "फिल, तुझ्याकडे बघून वाटतं तुझ्याकडे बदाम सोडून सगळं आहे."

"सासरेबुवा, म्हाताऱ्या माणसानं इतकं खोडसाळ असू नये."

जो पानं हातात धरून बसली होती, पण तिचं लक्ष पानांत नव्हतं. खिशातला फोन तिला विटेसारखा जड वाटत होता. चार वाजेपर्यंत पंधरा नावं पाठवायची होती. नावं लिहून तयार होती. एक बटण दाबायचं बाकी. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती, म्हणजे हे तिचं शेवटचं मत.

"जो मावशी," गॅरेट म्हणाला. साडेसहा फूट उंचीचा तो मुलगा आजीच्या खुर्चीत गुडघे कानाशी घेऊन बसला होता. आदल्या दिवशी त्याचा संघ उपांत्य सामन्यात हरला होता, म्हणून तर तो आज घरी होता. "काल माझ्या हातून सात बॉल गेले. लिहिलेस का वहीत?"

"आठ."

"सात!"

"दुसऱ्या सत्रात बाजूला फेकलेला पास कोण धरणार होतं? कडेच्या बँडमधला ढोलवाला?"

गॅरेट खळखळून हसला. "बरं, आठ."

या मुलाची हीच गोष्ट जोला आवडायची. आणि हीच गोष्ट तिला छळत होती. गॅरेट चांगला खेळाडू होता, आणि ते ती भाचा म्हणून म्हणत नव्हती. तिनं यंदा एकशे बारा सामने पाहिले होते, वहीत पानंच्या पानं भरली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस, कुणी काही विचारण्याच्या आधी, तिनं आपली यादी केली तेव्हा गॅरेट चौदावा आला होता. तिसऱ्या संघात, शेवटून दुसरा. मग शुक्रवारी पत्रकारांच्या खोलीत कुणीतरी कॉफी ओतताना सहज म्हणालं, 'केस्टरसनचा नातू तुझा भाचा ना? मजा आहे त्याची.' नुसतं हसत म्हणालं. हल्ली कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी छापून येतं. त्या संध्याकाळी जोनं गॅरेटचं नाव काढलं आणि ओरेगॉनकडच्या एका उंच मुलाचं घातलं. तो मुलगाही चांगलाच होता. तिच्या वहीत अठरावा.

डेनीस हात पुसत आली आणि दारात उभी राहिली.

"जो, पाठवलंस?"

"डेनीस," फिल हळूच म्हणाला.

"नुसतं विचारतेय. विचारायला बंदी आहे का?"

"नाही पाठवलं अजून," जो म्हणाली.

"म्हणजे विचार चाललाय."

"आई, पुरे ना," गॅरेट म्हणाला. "मला लाज वाटते."

"तुला कसली लाज? लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही." डेनीसचा आवाज चढला. आपण हे बोलणार नाही असं तिनं सकाळी गाडीत नवऱ्याला वचन दिलं होतं. "तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांचं नाव गाळलं, जो. सख्ख्या भावाचं! लोक काय म्हणतील म्हणून! आणि तू त्यांचीच मुलगी. तुझ्या तोंडावर दिसतंय मला, काढलंयस तू त्याचं नाव."

फिलनं पानं पालथी ठेवली. जोनं डेनीसकडे पाहिलं. नाकारावं तर खोटं बोलावं लागलं असतं. ती उठली, कोट घेतला आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

"आता?" फिल बायकोला म्हणाला.

"आता काय! बोलून गेले." डेनीसच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच काढलंय तिनं."

ऑर्व्हिलनं आपली पानं टेबलावर मांडली. पाचही बदाम होते. "हा डाव आमचा," त्यानं फिलला बजावलं आणि काठी शोधायला लागला.

जो गॅरेजसमोर उभी होती. गॅरेजच्या दारावर बास्केटबॉलचं लोखंडी कडं होतं, जाळी कधीच फाटलेली. याच कड्याखाली ऑर्व्हिल आणि मर्ल खेळले, डेनीस आणि जो खेळल्या, गॅरेट तर इथंच लहानाचा मोठा झाला. वारा थंड होता, पण ऊन पडलं होतं.

ऑर्व्हिल काठी टेकत आला. चौऱ्याऐंशी वर्षांत त्याची उंची दोन इंचांनी कमी झाली होती, तरी गॅरेजच्या दारातून जाताना तो सवयीनं डोकं वाकवायचा.

"काका, तुम्ही कशाला आलात थंडीत?"

"माझंच गॅरेज आहे." तो आत गेला आणि खिळ्यांच्या डब्यांमागून मासेमारीचा एक गंजका डबा काढला. "धर जरा."

डब्यात गळ होते, शिसाच्या गोळ्या होत्या आणि तळाशी मेणकागदात गुंडाळलेला एक कागद होता. ऑर्व्हिलनं तो उलगडून तिच्या हातात दिला. टाइपरायटरवर कार्बन लावून काढलेली प्रत. निळी अक्षरं पुसट झाली होती. वर तारीख, मार्च एकोणीसशे बासष्ट. खाली तीन संघ. दुसऱ्या संघातल्या चौथ्या ओळीवर फुल्यांची रांग मारली होती आणि तिच्या शेजारी दुसरंच एक नाव होतं. पण कार्बनवर फुल्या नीट बसल्या नव्हत्या. त्यांच्या आडून वाचता येत होतं. ऑर्व्हिल केस्टरसन, व्हाइट फोर्क.

जोनं ते दोनदा वाचलं.

"बाबांनी तुम्हाला घातलं होतं?"

"दुसऱ्या संघात. त्याचे तीन गुण मिळायचे, मला दोनच कमी पडले." ऑर्व्हिल ठोकळ्यावर बसला. "दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. मग चौसष्ट साली हे छप्पर शाकारायचं होतं. मी एकटा वर चढलो होतो. हा आला, शिडी लावली, माझ्याशेजारी बसून खिळे ठोकायला लागला. एक शब्द नाही. दुपारी खाली उतरला तेव्हा खिशातून हे काढून दिलं. म्हणाला, 'ऑर्व्ही, मला काय दिसलं ते मी आधी लिहिलं होतं. मग घाबरलो.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, उद्या पलीकडची बाजू करायची आहे, सातला ये."

जोला हसू आलं आणि रडूही. वडिलांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते घाबरले होते हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तिला ते कायम ताठ कण्याचे, निष्ठुर म्हणण्याइतके निःपक्षपाती वाटत आले होते. तसंच व्हायचं म्हणून तर ती चाळीस वर्षं धडपडली.

"मला वाईट कशाचं वाटलं सांगू?" ऑर्व्हिल म्हणाला. "नाव गेलं त्याचं नाही. बिचाऱ्याला चांगलं दिसत होतं आणि दिसलेलं सांगायची चोरी झाली, त्याचं. तो परका असता तर मला मिळालं असतं. भाऊ म्हणून जास्त नको होतं मला, पण भाऊ म्हणून कमी का?" त्यानं काठीनं जमिनीवर टकटक केलं. "तू आधी काय लिहिलं होतंस?"

"चौदावा."

"दुसऱ्या संघात नाही?"

"नाही काका. डावीकडून बचाव करताना फार मागे पडतो."

"पडतो," ऑर्व्हिलनं मान्य केलं. "मीही पडायचो. मग चौदावा लिही."

"लोक बोलतील."

"जूनमध्ये निवृत्त होतेयस ना? बोलू देत."

"कोण निवृत्त होतंय, आणि पुडिंग कुणी खायचं?" विल्मा दारात उभी होती, एप्रनवर ऑर्व्हिलचा जुना कोट चढवून. तिची नजर कागदावर गेली. "ते काय आहे?"

ऑर्व्हिलनं डबा बंद करायला घेतला. फार उशीर झाला होता. विल्मानं चष्मा नाकावर घेतला, कागद उन्हाकडे धरला आणि ओठ हलवत वाचला. फुल्यांवर येऊन थांबली.

"हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"असेल... चौसष्ट."

"चौसष्ट!" विल्मानं मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे तुमची दिलजमाई झाली होती? आणि मी तुझ्यासाठी, तुझ्या बाजूनं, मर्ल मरेपर्यंत पस्तीस वर्षं त्याला मधला तुकडा देत राहिले, आणि तू समोर बसून बघत होतास? एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

ऑर्व्हिल छपराकडे बघत राहिला. "त्याच्या वाटचे कोपरे माझ्या बशीत यायचे ना," तो म्हणाला.

जो इतकी हसली की तिला गॅरेजच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला. विल्मा हसली नाही. ती कागदाकडेच बघत होती.

"मर्लला मी एकदाही कोपरा दिला नाही," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं आणि ते लपवायची तिला सवय नव्हती. "दरवर्षी यायचा. दरवर्षी म्हणायचा, विल्मा, पुडिंग छान झालंय."

"तो खोटं बोलत नसे," ऑर्व्हिल म्हणाला.

विल्मानं कागदाची नीट घडी केली, पण नवऱ्याला परत दिली नाही. एप्रनच्या खिशात घातली.

साडेतीनला सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. डेनीस जोच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. डोळे लाल होते.

"मी फार बोलले, जो."

"बोललीस. पण खोटं नव्हतं. शुक्रवारी मी त्याला काढलं होतं."

डेनीसनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचा प्रश्न विचारू नये यासाठी तिला किती कष्ट पडले ते फिलला एकट्यालाच कळलं. त्यानं टेबलाखाली तिचा हात धरला.

जोनं फोन काढला. ओरेगॉनच्या मुलाचं नाव पुसलं, चौदाव्या ओळीत गॅरेटचं लिहिलं. एकदा वरपासून खालपर्यंत सगळी पंधरा नावं वाचली, अनोळखी माणसाची यादी वाचावी तशी. कुठेच हात अडला नाही. तिनं बटण दाबलं.

"गेलं," ती म्हणाली. "मंगळवारी छापून येईल तेव्हा वाचा. आणि डेनीस, माझ्या एकटीच्या मतानं छताला काही टांगलं जात नाही. माझ्यासारखे साठ जण आहेत."

"मला काही विचारायचंच नाही," डेनीस म्हणाली, आणि विचारलं, "पण दिसलं तेच लिहिलंस ना?"

"दिसलं तेच."

गॅरेटनं मान हलवली. "मग आठ बॉलही हिशोबात धरलेस म्हणायचे."

"आठही धरले."

विल्मा पुडिंग घेऊन आली. तिनं मधोमध ताटली ठेवली आणि सुरी हातात घेतली. पहिला कोपरा तिनं कापला, सुरीच्या पात्यावर उचलला आणि सगळ्यांच्या देखत जोच्या बशीत ठेवला. डेनीसनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील रिकाम्या बशीकडे बघत होते.

"खा," विल्मा म्हणाली. "हा तुझ्या बापाचा."

जोला गहिवरून आलं. एकसष्ट वर्षांची ती, या घरात दर मार्चला आलेली, आणि हा तुकडा तिनं फक्त दुसऱ्यांच्या बशीत पाहिला होता. लहानपणी तर तो स्वप्नातही यायचा. तिनं काट्यानं कड मोडली. जरा जोर लावावा लागला. तोंडात घातली. चावली. आणखी चावली.

सगळे तिच्याकडे बघत होते.

"कसा आहे?" विल्मानं विचारलं.

जोनं घास गिळला. पाणी प्यायली. काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला काय वाटत होतं ते तिला सांगावंच लागलं.

"काकू, खरं सांगू का? मधलाच बरा लागतो."

क्षणभर विल्माची सुरी हवेतच राहिली. मग ती हसायला लागली, आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. गॅरेट हसला, फिल हसला, डेनीस तर रडत रडत हसली. मंगळवारी पेपरात काहीही येवो, चौदावी ओळ खरी असणार हे आता तिला कुणी सांगायला नको होतं.

"मर्लची पोर!" विल्मा डोळे पुसत म्हणाली. साठ वर्षांत हे नाव तिच्या तोंडून इतक्या मायेनं कधी आलं नव्हतं. "अगदी मर्लची पोर आहेस तू." आणि तिनं जोसाठी ताटलीच्या बरोब्बर मधून मोठा मऊ तुकडा कापला.

ऑर्व्हिलनं मुकाट्यानं हात लांब केला आणि जोच्या बशीतला उरलेला कोपरा आपल्याकडे ओढून घेतला.